चालकाविना टॅक्सी आणि मुंबईची लोकल

एखादे वाहन सुरक्षित आहे असे म्हटले जाते, तेव्हा ते कशाच्या तुलनेत, हे प्रथम विचारावयास हवे. अमेरिकेतील वेमो कंपनीच्या चालकविरहित टॅक्सींनी जानेवारी २०२५ पर्यंत सुमारे ९ कोटी किलोमीटर अंतर कापले. गंभीर दुखापतीचे अपघात त्यांच्याकडून ८५ टक्क्यांनी कमी घडले, असा कंपनीच्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. पण ही तुलना माणसांनी चालविलेल्या वाहनांशी होती, आगगाडीशी नव्हे.

यंत्राच्या दृष्टीने रूळ हा सोपा मार्ग होय. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी धावू लागली, ती त्या बंदिस्त मार्गावर दुसरे कोणी येत नाही म्हणून. रस्त्यावर कोण केव्हा आडवे येईल याचा नेम नसतो. सॅन फ्रान्सिस्कोत २ ऑक्टोबर २०२३ रोजी दुसऱ्या मोटारीने उडविलेली एक स्त्री चालकविरहित टॅक्सीपुढे पडली. तिला धडक बसताच टॅक्सी थांबली खरी. परंतु नंतर कडेला जाण्यासाठी ती पुन्हा निघाली आणि त्या स्त्रीला सुमारे वीस फूट फरफटत घेऊन गेली.

मग मुंबईत सार्वजनिक वाहन सुरक्षित म्हणावे काय? उपनगरी रेल्वेवर २०२३ साली २,५९० माणसे मृत्यू पावली, असे मुंबई उच्च न्यायालयापुढील एका याचिकेत नमूद आहे. यातील पुष्कळसे रूळ ओलांडताना किंवा गाडीतून पडून दगावतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या शेजारून जात असता दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चौघांचे प्राण गेले. येथे मोटरमन असणे वा नसणे गौण आहे. उणीव आहे ती मिटणाऱ्या दाराची आणि डब्यातील जागेची. १,७०० प्रवाशांसाठी बांधलेल्या नऊ डब्यांच्या गाडीत गर्दीच्या वेळी ४,७०० माणसे कोंबली जात. एवढ्यांना टॅक्सीत, चौघांप्रमाणे, बसवावयाचे तर हजाराहून अधिक टॅक्सी लागतील, आणि त्या उभ्या कोठे करावयाच्या!

आपोआप मिटणाऱ्या दारांची वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाली. साध्या डब्यांना नुसती दारे बसविल्यास आतील माणसे गुदमरतील. म्हणून मुंब्र्याच्या घटनेनंतर रेल्वेने जाहीर केलेल्या नव्या रचनेत दारांना झडपा, छतातून हवा आत सोडणारी यंत्रे आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट अंतर्भूत आहे. दार पूर्ण मिटल्याशिवाय अशी गाडी हलत नाही. गर्दीने ते अडले, तर मागच्या गाड्याही खोळंबतात.