खांदा स्लिंगमध्ये असला तरी पाय चालते ठेवा

भिलाईच्या कॅम्प-1 मधल्या सायकलप्रेमींनो, खांद्याचं ऑपरेशन झालं की घरचे सांगतात, आता पडून राहा. खांद्यापुरतं ते खरं, पण बाकी शरीराचं त्यात फार नुकसान होतं. 1966 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला 5 निरोगी तरुणांना 3 आठवडे अंथरुणावर ठेवलं, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव भागाहून जास्त घसरली. 30 वर्षांनी त्याच पाचांना पुन्हा तपासलं, तर वाढत्या वयानेही तेवढी घसरण झाली नव्हती! फाटलेला स्नायुबंध हाडाला शिवला असेल तर हात साधारण 4 ते 6 आठवडे स्लिंगमध्ये राहतो. तेवढ्या काळात कमावलेला दम सहज जातो.

म्हणून सर्जनच्या परवानगीने आधी चालणं, मग व्यायामाची स्थिर सायकल: पाठ ताठ, हात स्लिंगमध्येच, हँडलवर अजिबात भार नाही. घामाने जखम चिघळेल, ही शंका रास्त आहे. टाके सुकेपर्यंत थांबा, नंतर पंख्याखाली हलकंच पेडल मारा. बऱ्या हाताचा व्यायामही वाया जात नाही. एका हाताच्या सरावाने दुसऱ्याचीही ताकद वाढते, हे येल विद्यापीठात 1894 मध्येच दिसलं होतं. मग एका हाताने सावकाश रस्त्यावरच का नको? कारण पॉवर हाऊस भागातल्या गर्दीत अचानक ब्रेक लावावा लागला तर तोल जातो, पडताना हात आपोआप पुढे येतो आणि शिवण तुटू शकते. शिवलेला भाग हाडाला पक्का धरायला सुमारे 3 महिने लागतात. दुखणं वाढलं किंवा बोटं बधिर झाली, तर स्थिर सायकलही थांबवून डॉक्टरांना दाखवा.