मळ्यातील अवजारघर : रचना व साहित्य

छत्रपती संभाजीनगर शहरातील उस्मानपुरा हा आता दाट वस्तीचा भाग आहे. अशा वस्तीत राहून भोवतालच्या गावी शेती करणाऱ्यांना अवजारे रोज ने-आण करणे सोयीचे नसते. ती बांधावर ठेवली तर गंजतात. कीटकनाशके घरात ठेवली तर मुलाबाळांच्या जिवास धोका संभवतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशी द्रव्ये स्वयंपाकघराच्या फडताळात असणे किती घातक आहे, हे यावरून ध्यानी यावे. यास्तव मळ्यात लहानसे, पण पक्के अवजारघर असणे अगत्याचे आहे.

जागा व पाया : जागा उंचवट्याची, गाडीवाटेलगतची व विहिरीपासून दूर असावी. १० फूट लांब व ८ फूट रुंद घर सामान्य मळ्यास पुरते. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया वरच्या थरावर घेतल्यास भिंतींना तडे जातात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावे. जोते जमिनीपासून दीड फूट उंच घ्यावे, आत मुरूम थराथराने पाणी मारून चोपावा व वर शहाबादी फरशी बसवावी.

सांगाडा : पूर्वेकडील व पश्चिमेकडील लांब बाजूंस प्रत्येकी तीन, असे सहा खांब उभारावेत. साग किंवा पक्की बाभूळ चालते. लोखंडी खांबांना वाळवी लागत नाही. लाकडी खांब मातीत न पुरता दगडी बैठकीवर ठेवावेत, बुडख्यास डांबर फासावे आणि काँक्रीटमध्ये रोवलेल्या लोखंडी पट्टीने ते जखडावेत. चौकट वाऱ्याने कलते, परंतु त्रिकोण सहजासहजी आकार बदलत नाही. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात तिरपा आधार द्यावा. भिंती विटांच्या, पत्र्याच्या किंवा लिंपलेल्या तट्ट्यांच्या कराव्यात.

छप्पर : पावसाळी वारे बहुधा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतात. म्हणून दार पूर्वेस ठेवावे आणि छपराचा उतार पश्चिमेस द्यावा. पश्चिमेकडील बाजू ७ फूट व पूर्वेकडील ८ फूट ४ इंच उंच ठेवल्यास सहास एक असा उतार मिळतो. समोरासमोरच्या खांबांवर तीन उतरत्या तुळया व त्यांवर तीन आडवे वासे टाकावेत. जस्तलेपित पन्हाळी पत्रा १० फुटी घेतल्यास उतारात सांधा पडत नाही आणि पुढेमागे सुमारे एकेक फूट वळचण निघते. शेजारचे पत्रे दीड पन्हळ एकमेकांवर घ्यावेत. आकड्याचे बोल्ट पन्हळीच्या माथ्यावर, वॉशर घालून बसवावेत. खळग्यात छिद्र पाडल्यास तेथून पाणी झिरपते. वळवाच्या वादळात वारा छपराला खालून उचलतो, म्हणून प्रत्येक वाशावर पत्रा आवळलाच पाहिजे. वळचणीखाली जाळी लावलेली झरोक्याची पट्टी ठेवावी, म्हणजे उष्ण हवा व औषधांचा वास कोंडून राहणार नाही.

आतील मांडणी : खुरपी, विळे व फावडी भिंतीवरील खुंट्यांस अडकवावीत, हातपंप धुऊन ठेवावा. खतांच्या गोण्या भिंतीपासून फूटभर दूर, लाकडी फळ्यांवर रचाव्यात व डिझेल त्यांच्याजवळ ठेवू नये. कीटकनाशके मूळ डब्यांतच, कुलूपबंद कपाटात ठेवावीत. बियाणे, चारा व धान्य त्याच खोलीत ठेवू नये. रिकामे डबे पाण्यासाठी अगर तेलासाठी कदापि वापरू नयेत.

हे काम मृगापूर्वी उरकावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात प्रथम एक घर नमुन्यादाखल उभे करवावे आणि त्याच्या कपाटाची किल्ली जाणत्या माणसाकडेच राहील, याकडे कटाक्षाने लक्ष द्यावे.