उबुंटूबद्दलचं मत का बदललं?

आता वळूया त्या प्रश्नाकडे, जो आपल्याकडे हमखास येतो: लिनक्स घ्यायचं तर उबुंटूच घ्यावं का? पंधरा वर्षांपूर्वी आम्ही फार विचार न करता ‘हो’ म्हटलं असतं.

उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली. पाया डेबियनचा, पाठबळ मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकल कंपनीचं. इंटरनेट धड नसलेल्यांना तर पोस्टानं फुकट सीडी यायची! मग २०११ मध्ये युनिटी हा नवा डेस्कटॉप आला, लोक कुरकुरले. पण विश्वासाला खरा तडा गेला २०१२ मध्ये. मेन्यूत आपलीच फाइल शोधायला जावं, तर शोधशब्द बाहेर जायचे आणि खाली ॲमेझॉनवरच्या वस्तू दिसायच्या. २०१६ मध्ये हे मुळातच बंद ठेवलं गेलं, पुढच्याच वर्षी युनिटीही गेलं. डाग मात्र राहिला.

सध्याचा वाद स्नॅपचा. स्नॅप म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं बरंचसं सामान एकाच दाबून बांधलेल्या गाठोड्यात. फायदा असा की तेच गाठोडं वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चालतं. पण ते उघडायला वेळ लागतो, जुन्या मशीनवर जास्तच. अर्थात वेग सुधारता येतो, सुधारलाही आहे. आमच्या मते मूळ आक्षेप वेगळा आहे. २०.०४ मध्ये नेहमीच्या एपीटी आज्ञेनं क्रोमियम मागितलं, तरी स्नॅपच यायचं. शिवाय स्नॅपचं दुकान एकच, कॅनॉनिकलचं, आणि त्याच्या सर्व्हरचा कोड बंद. फ्लॅटपॅकचं तसं नाही, तिथे कुणीही स्वतःचं भांडार उभारू शकतो. म्हणूनच लिनक्स मिंटनं २०२० मध्ये स्नॅपला दारातच अडवलं.

गंमत म्हणजे मिंट स्वतः उबुंटूवरच उभं आहे! उद्या तो आधार गेला तर? त्यासाठी त्यांनी थेट डेबियनवरची एक आवृत्तीही सांभाळून ठेवली आहे. खुद्द डेबियनही सोपं झालंय. २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून वाय-फायसाठी वगैरे लागणारं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळतं.

मग घ्यायचं काय? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. असा संगणक घरात पडून असेल, तर आम्ही मिंट सुचवू. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासा, मगच डिस्कला हात लावा. ऑफिसात उबुंटूची एलटीएस आवृत्ती बिनतक्रार चालू असेल, तर उगाच हलवू नका.