निद्रानाश
निद्रानाश : पुरेसा वेळ व अनुकूल परिस्थिती असूनही झोप न लागणे, ती वारंवार मोडणे अथवा पहाटे फार लवकर जाग येणे आणि त्यामुळे दिवसा थकवा, चिडचिड वा एकाग्रतेचा अभाव जाणवणे, या अवस्थेस निद्रानाश म्हणतात. आठवड्यातून किमान तीन रात्री होणारा असा त्रास तीन महिने वा अधिक काळ टिकल्यास तो चिरकारी समजतात. आयुर्वेदात आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. प्रौढ व्यक्तीस सामान्यतः रोज ७ तास किंवा त्याहून थोडी अधिक झोप लागते.

क्रियाविज्ञान : निद्रेचे नियमन दोन प्रक्रियांनी होते, असे प्रतिमान ए. ए. बोरबेली यांनी १९८२ मध्ये मांडले. जागेपणी मेंदूत ॲडिनोसीन हे द्रव्य साचत जाते व त्याबरोबर झोपेची निकड वाढते; ही पहिली प्रक्रिया होय. दुसरी प्रक्रिया अधोथॅलॅमसातील एका लहान कोशिकासमूहाच्या सुमारे २४ तासांच्या आवर्तनावर अवलंबून असते. हे आवर्तन मुख्यतः डोळ्यांवाटे मिळणाऱ्या प्रकाशामुळे दिवसरात्रीशी जुळलेले राहते.

कारणे : चिंता, वेदना, दमा, अवसाद, पाळीचे काम व काही औषधे ही प्रमुख कारणे होत. चहा-कॉफीतील कॅफीन ॲडिनोसिनाच्या क्रियेस अडथळा करते. त्याचे शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास सरासरी ५ तास लागत असल्याने सायंकाळचा चहाही बाधक ठरू शकतो. मद्यामुळे झोप लवकर लागली, तरी उत्तररात्री ती मोडते. मूळ कारण दूर झाल्यावरही विकार टिकतो, याचे कारण पुष्कळदा रोग्याच्या उपायांतच असते. झोप भरून काढण्यासाठी तो लवकर अंथरुणावर पडतो, उशिरा उठतो व दुपारी झोपतो. त्यामुळे रात्री झोपेची निकड कमी पडते आणि अंथरुणाचा संबंध जागरणाशी जोडला जातो.

उपचार : हे दुष्टचक्र तोडणे हा वर्तनोपचारांचा गाभा आहे. आर. आर. बूट्झिन यांच्या १९७२ मधील पद्धतीनुसार झोप येऊ लागल्यावरच अंथरुणावर जावे, ती न आल्यास उठून दुसऱ्या जागी बसावे आणि रात्र कशीही गेली, तरी सकाळी ठराविक वेळीच उठावे. ए. जे. स्पीलमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अंथरुणातील काळ प्रत्यक्ष झोपेइतका मर्यादित करून तो क्रमाने वाढविण्याची पद्धत वर्णिली. प्रारंभी तीत दिवसा गुंगी येत असल्याने वाहनचालक, अपस्माराचे रोगी इत्यादींनी ती वैद्यकीय देखरेखीखालीच अवलंबावी.

बार्बिटल हे निद्राकारक १९०३ पासून प्रचारात आले. परंतु बार्बिच्युरेटांच्या अतिमात्रेने मृत्यू ओढवत असल्याने १९६० नंतर बेंझोडायझेपिने पुढे आली. त्यांचीही सवय लागते व वृद्धांत पडण्याचा धोका वाढतो. म्हणून चिरकारी निद्रानाशात वर्तनोपचारांसह बोधात्मक मानसोपचार प्रथम करावेत, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये केली. मोठ्याने घोरणे व झोपेत श्वास अडखळणे ही लक्षणे वेगळ्या विकाराची असू शकतात. अशा रोग्यास निद्राकारके देण्यापूर्वी तपासणी आवश्यक असते.