मुतालिकाचे दोन बुरूज

त्युरेन, फ्रान्स

रविवारी किल्ल्याच्या पायथ्यावरून बारामतीला फोन लावला. चुलतभाऊ म्हणाला, ‘‘व्हायकाउंट म्हणजे मालोजीराजांसारखा जहागीरदारच की!’’

नाही रे बाबा. पुणे-सुपे ही निजामशहाने दिलेली जहागीर. देणाऱ्याचं मन फिरलं की दुसऱ्याच्या नावावर. व्हायकाउंट हा मूळचा काउंटाचा नायब, आपल्याकडे म्हणतात तसा मुतालिक. काउंट लांब, राजा त्याहून लांब. मुतालिक गादीवरून उठलाच नाही आणि पिढ्या-दोन पिढ्यांत चाकरीचं वतन झालं. आपली देशमुखी तरी वेगळी कुठे मुरली? वसुलीला नेमलेला माणूस परगण्याचा धनी होऊन बसला. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद ठरवलं, ते उगाच नाही.

त्युरेनचे व्हायकाउंट तर अर्धे राजेच. त्यांची रयत फ्रान्सच्या राजाला कर देत नसे. 1738 साली शेवटच्या धन्याने जुगाराचं देणं फेडायला अख्खा मुलूख पंधराव्या लुईला 42 लाख लिव्रना विकला. तिकीट देणाऱ्या आजीबाई हे अशा तावातावाने सांगत होत्या, जणू खरेदीखत गेल्याच आठवड्यात झालंय. ‘‘तेव्हापासून भरतोय आम्ही कर!’’

4 ऑगस्ट 1789 च्या रात्री इथल्या सरंजामी हक्कांवर पाणी सोडलं गेलं. उरले टेकडीवरचे दोन बुरूज, ते मात्र झाडूनपुसून लख्ख. आपल्याकडे परगणा आणि कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने गेली. पण परवाच व्हॉट्सॲपवर घरची लग्नपत्रिका आली. त्यात नवरदेवाचा आजा ‘श्रीमंत’, चुलता ‘वतनदार’ आणि मी, पॅरिसात भाड्याच्या खोलीत राहणारा, ‘सरदार घराण्यातील’! कायदा पत्रिकेच्या छापखान्यापर्यंत पोचलेलाच दिसत नाही.

चिडून भावाला विचारलं, ‘‘मालोजीराजे पडले ते इंदापूर तुझ्यापासून तासाभरावर. तिथल्या गढीवर शेवटचा कधी गेला होतास?’’

‘‘अरे, तिकडे गाडी लावायला जागा मिळत नाही.’’

मी गप्प. मी तरी लहानपणी शाळेच्या सहलीलाच गेलेलो. आठवते ती फक्त डब्यातली दशमी.

तेवढ्यात त्याने विचारलं, ‘‘बरं, त्या व्हायकाउंटाचं आडनाव काय?’’

‘‘ला तूर दोव्हेर्न्य.’’

‘‘मग राहू दे. सोयरीक जमायची नाही.’’