गोव्याच्या अलीकडे उतरा

सोमवारची सुट्टी जोडून आली की मुंबई-पुण्याहून गोव्याकडे गाड्यांची रांग लागते. त्या रांगेतल्या बहुतेकांना सावंतवाडी ठाऊक असते ती रस्त्यावरच्या पाटीपुरती. पूर्वी निदान मोती तलावाला वळसा घालून, चहा घेऊन, लाकडी आंब्या-केळ्यांची एखादी परडी पोरांच्या हातात देऊन लोक पुढे जात. झाराप-पत्रादेवी हा चौपदरी रस्ता झाला, महामार्ग गावाबाहेरून गेला आणि तेही थांबलं. बाजारातले जुने दुकानदार अजून याबद्दल कडवट बोलतात. मला मात्र तो रस्ता गावावर उपकारच वाटला. आज तलावाच्या कडेनं संध्याकाळी निवांत चालता येतं, आणि कोकणात तालुक्याच्या गावाला हे सुख आता दुर्मीळ आहे.

यायचं तर रेल्वेनं. मध्यरात्री दादरहून सुटणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसचं नाव केशवसुतांच्या कवितेवरून पडलंय. कलावंतांच्या गावाला जायला याहून शोभेशी गाडी कुठली? स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, तेव्हा रिक्षावाल्याशी आधीच ठरवून घ्यावं.

इतिहास थोडक्यात उरकतो, कारण तो इथला प्रत्येक जण तुम्हाला ऐकवणारच आहे. जुनं नाव सुंदरवाडी, भोसले घराण्याचं संस्थान, अठराव्या शतकात तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला राजवाडा, १८७४ सालचा मोती तलाव. आणि बापूसाहेब महाराज, ज्यांच्या कारभाराला गांधीजींनी रामराज्य म्हटलं. ही शेवटची गोष्ट हॉटेलवाल्यापासून पानवाल्यापर्यंत सगळे सांगतात, आणि सांगताना आवाज किंचित चढतो.

पण दोन रात्री राहायचं ते गंजिफासाठी, म्हणजे हातानं रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांसाठी. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये चित्रकार मांडी घालून बसलेले असतात आणि त्यांच्यापुढे तळहातात मावतील अशी गोल पानं. दशावतारी गंजिफाची पानं १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. मत्स्याच्या छक्क्यावर सहा मासे, कूर्माच्या पंजावर पाच कासवं. प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची. नवग्रहांचा संच १०८ पानांचा, राशींचा १४४. पान टणक व्हावं म्हणून चिंचोक्याची खळ द्यायची, वर रंग, पाठीला लाख. पूर्वी चित्रणाचे दोन दर्जे असत, दरबारी कलम आणि बाजारी कलम. दरबारीत राजाच्या अंगरख्याची चुणीसुद्धा दिसायची. बाजारीत चार फटकाऱ्यांत राजा उभा. खरं सांगायचं तर मला ते बाजारी राजेच जास्त आवडले. त्यांच्यात जीव आहे.

हा खेळ तैलंगी ब्राह्मण पंडितांनी इथल्या दरबारात आणला असं सांगतात. खरं की खोटं कोण जाणे, पण गावाला तो शोभला. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र पानं रंगवणारे जवळजवळ संपलेच होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला संस्थानच्या घराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी मनावर घेतलं. पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर तेव्हा उरले होते. राणीसाहेब स्वतः त्यांच्याकडून शिकल्या, गावातल्या तरुणांना शिकवलं, आणि दरबार हॉलचा कारखाना झाला. आज गंजिफाला भौगोलिक मानांकन आहे, आणि राजवाड्याच्या एका भागात पाहुण्यांना राहण्याची सोय झाली आहे, तिथेही सजावट गंजिफाचीच.

तिथल्या एका जुन्या चित्रकाराला मी विचारलं, तुम्ही खेळता का? तो वराहाचा सुळा रंगवत होता. मान वर न करता म्हणाला, "खेळतलो कोण आता? तीन माणसां एका जाग्यार बसाक होयी. पानां भिंतीर बरी दिसतत, तितक्यार पुरे."

हे मला अस्वस्थ करून गेलं. कारण खेळ मोठा रंगतदार आहे. यात हुकूम नाही, सगळी मदार स्मरणशक्तीवर, कुठली पानं पडली आणि कुठली उरली ती लक्षात ठेवायची. पाच अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा डाव रामानं उघडायचा आणि रात्री कृष्णानं! असला नियम ज्या लोकांनी केला त्यांच्याकडे वेळ होता आणि विनोदबुद्धीही. आपण पानं वाचवली आणि चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगली. कला जगली म्हणून टाळ्या वाजवताना खेळ केव्हा उठून गेला ते कुणाला कळलंच नाही.

चितारआळीत चित्र जरा वेगळं. लाकडी फळं, भातुकली, रंगीत पाट, चौरंग, देव्हारे यांची दुकानं ओळीनं आहेत. हलका पांगारा हे खेळण्यांचं जुनं लाकूड, तो आता सहज मिळत नाही; त्यात प्लॅस्टिकची स्पर्धा. घेताना फळ हातात धरून पाहावं, ब्रशनं दिलेला पिकल्या आंब्याचा तांबूस डाग लगेच ओळखू येतो. दुपारी जाऊ नका. एक ते चार हे गाव झोपतं, आणि झोपावंच.

जेवणाबद्दल काय सांगायचं; कोंबडी-वडे, सोलकढी, सकाळी घावणे. आंबोली जवळ आहे, पण धबधब्यांसाठी जुलैत वेगळे या. यायचा खरा काळ कार्तिकापासून पुढे, जत्रांचा. आसपासच्या एखाद्या देवळात रात्रभर दशावतारी नाटक असतं आणि दुपारी पानांवर पाहिलेले देव तिथे मुकुट घालून भांडत असतात.

सोमवारची सकाळ मात्र पिंगुळीसाठी राखून ठेवा, कुडाळच्या अलीकडे आहे. ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या तिथे जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कळसूत्रीचा खेळ बघायचा असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारावं, आणि जमलं तर आठ-दहा जण मिळून जावं. दोघांसाठीही ते खेळ मांडतील, पण ढोलकी चढायला समोर माणसं लागतात.