काला झाला, मंडप कोण काढणार?

हळद काढून, शिजवून झाली की आपल्या हिंगोली जिल्ह्यात वावरं मोकळी होतात आणि गावोगावी हरिनाम सप्ताह बसतात. नर्सी नामदेवचा हा मुलूख, त्यामुळे हौसेला तोटा नाही. गावालगतच्या कुणाच्या तरी वावरात भला मोठा मंडप पडतो. ख्रिस्ती बांधवांच्या जागृती सभेलाही असाच मंडप लागतो. तंबू आणि बल्ल्यांना धर्म नसतो. उभारताना सारा गाव येतो. काल्याचं कीर्तन झालं, पंगती उठल्या, की मात्र मंडपवाल्याची चार पोरं आणि वावराचा मालक एवढेच उरतात.

मंडप "दोन दिवसांनी काढू" म्हणून तसाच ठेवला जातो. वैशाख-ज्येष्ठात हे धोक्याचं आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात एवढी टणक असते की खुंट्या पहारीने ठोकाव्या लागतात. पण एकच वळवाचा पाऊस पडू द्या. तीच माती फुगते, मऊ पडते आणि खुंट्या हाताने उपटून येतात. त्यात वावधान सुटलं, की भिजून जड झालेलं कापड बल्ल्यांसकट खाली येतं. राजस्थानात तेव्हा बाडमेर जिल्ह्यात असलेल्या जसोल गावी २३ जून २०१९ रोजी रामकथा चालू असताना वादळात मंडप कोसळला, त्यात वीजही उतरली. किमान १४ माणसं गेली. तिथे माणसं मंडपात बसलेली होती हे खरं; पण रिकाम्या मंडपाखाली आपल्याकडे दुपारी पोरं खेळतात, ढोरं सावलीला बसतात.

काढताना पहिलं काम विजेचं. तात्पुरती जोडणी लाईनमनकडून बंद करून घ्यावी, जनरेटर थांबवावा, तारा गुंडाळाव्यात. मगच कापडाला हात लावावा. आधी बाजूच्या कनाती सोडाव्यात, म्हणजे वारा आरपार जातो. नंतर छताचं कापड, मग आडवे पाइप, उभ्या बल्ल्या. ताणाचे दोर शेवटी. घाईत पोरं आधी दोर सोडतात, आणि कापडाचं वजन घेऊन उभी असलेली बल्ली कुणाच्या तरी डोक्यावर येते. वावरावरून ११ केव्हीची लाईन जात असेल तर लोखंडी पाइप उभा करून फिरवूच नये, दोघांनी आडवा धरून न्यावा. वारं सुटलं तर काम सोडून सगळ्यांनी बाहेर व्हावं. कापड फाटलं तर फाटू द्या.

माल न्यायला ट्रक येतो. जमीन ओली असेल तर तो धुऱ्यापलीकडे आणू नका. ओल्या काळ्या रानात चाकाखाली माती अशी दबते की त्या पट्ट्यात पुढे हळदीचे कंद नीट पोसत नाहीत. सामान बैलगाडीने किंवा डोक्यावर रस्त्यापर्यंत आणलेलं बरं.

खरी डोकेदुखी मंडप गेल्यावर दिसते. खिळे, सुतळीला बांधलेल्या तारांचे तुकडे, टाचण्या. गाय-म्हैस चारा निवडून खात नाही. तार पोटात जाते, जाळीदार पोटातून पुढे सरकून काळजाला टोचते. ढोर खाणं सोडतं, पोळीला सूज येते, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. जुन्या स्पीकरमधलं चुंबक काठीला बांधून सबंध वावरातून ओढा. उरलेला भात-बुंदी टोपलंभर एकदम ढोरापुढे ओतू नका, अपचनाने जनावर दगावतं. थर्माकोलच्या पत्रावळ्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी त्या दिसतातच. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आणि पोलीस पाटलांनी वर्गणी ठरते त्या बैठकीतच मंडप काढण्याची तारीख आणि मजुरी लिहून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. वावर देणाऱ्याने पुण्यकर्मासाठी जागा दिली, सफाईची मजुरीही त्याच्याच माथी का?

खुंट्यांचे खड्डे बुजवून, चुलींची राख पसरून घ्या. दबलेल्या जागी नांगर घालायचा तर पाऊस पडल्यावर वापसा येऊ द्या, ओल्यात घालू नका. ढेकळं निघतात, आणि ती फुटेपर्यंत हळद लावायची वेळ टळते.